मदत हवी आहे: बर्बनच्या अंध चाचणीत अल्कोहोलच्या तीव्रतेचे काय करावे?

चार बर्बन (मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की) नाव न कळता चाखून त्यांचे परीक्षण लिहिण्याचा माझा प्रयत्न एका ठिकाणी अडला आहे. माझ्याकडील बाटल्यांपैकी मेकर्स मार्क आणि बफेलो ट्रेस यांत ४५ टक्के, फोर रोझेस सिंगल बॅरलमध्ये ५० टक्के, तर वाइल्ड टर्की १०१ मध्ये ५०.५ टक्के अल्कोहोल आहे. ट्यूलिपच्या आकाराचे एकसारखे पेले, प्रत्येकी १५ मिली, ओतणारी व्यक्ती वेगळी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला आणि गुण लिहून झाल्यावरच नावे उघड, एवढी काळजी मी तीन वेगवेगळ्या दिवशी घेतली.

तरीही तीव्र पेले पहिल्याच घोटात ओळखू येतात आणि दर वेळी अधिक गुण त्यांनाच जातात. मेकर्स मार्कमध्ये राय या धान्याऐवजी गहू असल्याने येणारा मऊ गोडवा त्यांच्यापुढे फिका वाटतो आणि हा त्या बर्बनवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

चौथ्या वेळी वाइल्ड टर्कीत सुमारे १.८ मिली व फोर रोझेसमध्ये १.७ मिली पाणी घालून सर्व पेले ४५ टक्क्यांवर आणले. ओळख पुसली गेली, पण फोर रोझेसचा गंधही बदलला. शिवाय परीक्षण वाचणारा बाटलीतील मूळ बर्बनच विकत घेणार आहे.

बर्फ किंवा मिश्रण मला नको आहे आणि एका बैठकीत चारहून अधिक पेले शक्य नाहीत. अशा स्थितीत गुण मूळ तीव्रतेवर द्यावेत, समान तीव्रतेवर द्यावेत, की दोन्ही फेऱ्या वेगळ्या दिवशी घेऊन दोन स्वतंत्र गुण नोंदवावेत?