प्रतिसाद: वकिलाला दिलेलं आधार कुठे कुठे फिरतं?

वर एकाने विचारलंय, दाव्यासाठी वकिलाला दिलेल्या आधार, खरेदीखतातली माहिती त्यांच्याकडून फुटेल का? वकिलाला गुप्ततेचं बंधन आहेच. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मुळे त्यांचा कारकूनही त्यात येतो. गळती बहुधा झेरॉक्सच्या दुकानात होते. कोल्हापुरात तारखेच्या गडबडीत पक्षकार दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार, खरेदीखत पाठवून मोकळा होतो. प्रिंट निघते, पीडीएफ मात्र त्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. समोर उभं राहून ती डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. जिथे चालतं तिथे शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. प्रतीवर आडवं ‘फक्त अमुक दाव्यासाठी’ आणि तारीख लिहा, कोपऱ्यात नको, कोपरा सहज झाकता येतो. मूळ खरेदीखत दिलंत तर पानांच्या संख्येसह पोच घ्या. वकिलाच्या ऑफिसला पोच मागायला संकोच कसला!