कॅलिफोर्नियात पोलीस चीफच्या जागेसाठी अर्ज: ‘सुधारणावाला’ अशी ओळख असेल तर ती कशी मांडावी?

दोन_नद्या
सध्या दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात कॅप्टन आहे. साधारण ४०० अधिकारी, केंद्रीय न्याय खात्याशी झालेली कन्सेंट डिक्री (न्यायालयाच्या देखरेखीखालचा सुधारणांचा बंधनकारक करार) लागू. गेल्या सहा वर्षांतलं काम म्हणजे बळाच्या वापराचं धोरण नव्याने लिहिणं, डी-एस्कलेशनचं (प्रसंग चिघळू न देता शांत करण्याचं) प्रशिक्षण आणि बॉडी कॅमेऱ्यांच्या फुटेजची तपासणी. आता कॅलिफोर्नियातल्या साधारण ७५,००० वस्तीच्या शहरात चीफची जागा निघाली आहे, ११० अधिकाऱ्यांचं खातं. जाहिरात सर्च फर्मची (शहरासाठी उमेदवार शोधणाऱ्या कंपनीची) आहे, पहिली छाननी पाच आठवड्यांनी.
प्रश्न असे: कव्हर लेटरमध्ये सुधारणेच्या कामाला किती जागा द्यावी? युनियनचं पॅनेल असतं तिथे काय विचारतात? बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला काय आडवं येतं? आणि अर्ज केल्याचं आमच्या चीफना कधी सांगावं?

ब्रोशर_आधी
आधी नेमणूक कोण करणार ते पाहा. एवढ्या आकाराच्या बहुतेक कॅलिफोर्नियन शहरांत कौन्सिल-मॅनेजर पद्धत आहे. म्हणजे कौन्सिल सिटी मॅनेजरला नेमते आणि चीफला नेमणारा (आणि काढणारा) तो मॅनेजर. त्यामुळे पत्र मेयरला उद्देशून भाषण केल्यासारखं लिहू नका. वाचणारा माणूस प्रशासक आहे. त्याला बजेट, दावे, रिक्त जागा आणि कौन्सिलच्या सभेत होणारी ओरड दिसत असते.

पाच आठवड्यांतले पहिले दोन वाचनात घाला. गेल्या वर्षभरातल्या कौन्सिल सभांचे व्हिडिओ पाहा, निदान पोलीस विषय असलेले तरी. शहराच्या संकेतस्थळावर पोलीस असोसिएशनशी (अधिकाऱ्यांच्या युनियनशी) झालेला करार मिळतो, त्यात शिफ्ट, ओव्हरटाइम आणि शिस्तभंगाची कलमं बघा. राज्याच्या २०१५ च्या कायद्याखाली गोळा होणारी थांबवण्या-झडतीची आकडेवारी बघा. एबी ४८१ या राज्याच्या २०२१ च्या कायद्यामुळे ड्रोन, चिलखती गाडी वगैरे साहित्याचं धोरण आणि वार्षिक अहवाल कौन्सिलपुढे मांडावा लागतो. त्या सभेत कोण काय बोललं यावरून शहराचा कल जितका कळतो तितका जागेच्या ब्रोशरमधून कळत नाही.

कागदपत्रं: पत्र जास्तीत जास्त दोन पानं. रेझ्युमेत प्रत्येक पदाचा महिना आणि वर्ष, हाताखाली किती माणसं, किती बजेट. हे आकडे ब्रोशरमध्ये बहुतेक वेळा मागितलेलेच असतात, तरी अर्ज करणारे वगळतात आणि छाननीत मागे पडतात. संदर्भ बहुधा सहा मागतात: दोन वरिष्ठ, दोन बरोबरीचे, दोन हाताखालचे.

आता सुधारणेबद्दल. माझं मत, तो शब्दच पत्रात वापरू नका. “मी परिवर्तनाचा पुरस्कर्ता आहे” हे वाक्य मॅनेजरला काहीच सांगत नाही आणि पत्र फुटलं तर पोलिसांना मात्र नको ते सगळं सांगतं. त्याऐवजी काम सांगा. कोणतं धोरण, ते का बदलावं लागलं, किती तासांचं प्रशिक्षण, किती अहवालांची तपासणी, कुठे फसलं, मग काय दुरुस्त केलं.

आकड्यांत एक खड्डा आहे. नवं धोरण आलं की नोंदवायच्या घटनांची व्याख्या बहुधा रुंदावते, म्हणजे नुसतं पिस्तूल रोखणंही नोंदीत येतं. मग पहिल्या वर्षी ‘बळाचा वापर’ वाढलेला दिसतो. पॅनेलवरचं कोणीतरी तो तक्ता शोधून आणतंच. म्हणून जुन्या व्याख्येत बसणाऱ्या घटना वेगळ्या काढा, दर हजार अटकांमागे प्रमाण द्या आणि अधिकाऱ्यांच्या व नागरिकांच्या दुखापतींचा आकडा स्वतंत्र द्या. लुईव्हिलमध्ये आयकॅट या डी-एस्कलेशन प्रशिक्षणानंतर बळाच्या वापराच्या घटना २८ टक्क्यांनी आणि अधिकाऱ्यांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधन आहे. ते आधार म्हणून सांगायला हरकत नाही, पण ते तुमच्या खात्याचं यश नव्हे, हे बोलताना स्पष्ट राहू द्या.

मीट_अँड_कन्फर
युनियनच्या पॅनेलबद्दल लिहितो. बाहेरून आलेले उमेदवार इथेच घसरतात, आणि बहुतेक वेळा तत्त्वावर नाही, कायद्याच्या अज्ञानावर.

कॅलिफोर्नियात तीन गोष्टी मुखोद्गत हव्यात. एक, मेयर्स-मिलियस-ब्राउन कायदा (१९६८). कामाच्या अटींवर परिणाम करणारा बदल युनियनशी चर्चा केल्याशिवाय लागू करता येत नाही. धोरण ठरवणं हा व्यवस्थापनाचा अधिकार, पण त्याचे परिणाम वाटाघाटीचे. “आल्यावर पहिल्या महिन्यात धोरण बदलीन” म्हणालात की समोरचे चौघे एकमेकांकडे बघतात. दोन, अधिकाऱ्यांच्या प्रक्रियात्मक हक्कांचा कायदा. आरोप समजल्यापासून एका वर्षात चौकशी पुरी करून प्रस्तावित शिक्षा कळवली नाही, तर काही अपवाद सोडता शिक्षा करता येत नाही. शिस्तीबद्दल तुम्ही कितीही कडक बोला, अंतर्गत चौकशीची फाइल चौदा महिने पडून राहिली तर सगळं वाया. तीन, एबी ३९२ हा बळाच्या वापराचा कायदा. १ जानेवारी २०२० पासून प्राणघातक बळ ‘आवश्यक’ असावं लागतं. फक्त १९८९ च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर निकालातला ‘वाजवी’ हा निकष सांगत बसलात तर अभ्यास कच्चा दिसतो.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. शिफ्ट बदलणार का? आतल्यांना बढत्या देणार की बाहेरून माणसं आणणार? व्हिडिओ व्हायरल झाला तर चौकशीआधी कॅमेऱ्यासमोर काय बोलणार? या शेवटच्यावर गोलमोल उत्तर देऊ नका. “काय दिसतंय ते सांगेन, निष्कर्ष सांगणार नाही, आणि पत्रकारांना सांगायच्या आधी तुमच्या अध्यक्षांना फोन जाईल” इतकं नेमकं चालतं.

उदाहरणं समोर ठेवा. आर्ट असेव्हेडो २०२१ च्या एप्रिलमध्ये मायामीत चीफ झाले आणि ऑक्टोबरात गेले. बदलाचा गाजावाजा झाला, पण शहराच्या कमिशनरांशी उघड भांडण झाल्यावर पाठीशी कोणी उरलं नाही. उलट क्रिस मॅग्नस २००६ मध्ये फार्गोहून, म्हणजे पूर्णपणे बाहेरून, कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला आले आणि जवळपास दहा वर्षं टिकले. डिसेंबर २०१४ मध्ये निदर्शनात त्यांनी ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’चा फलक हातात धरला तेव्हा पोलीस असोसिएशनने आक्षेप घेतलाच. पण तेव्हा त्यांच्या गाठीशी आठ वर्षांहून जास्त काम होतं. हेच पहिल्या वर्षी केलं असतं तर काय झालं असतं याचा अंदाज बांधा.

रानजाई
ब्रोशर_आधी यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. ‘सुधारणा’ शब्द टाळा हे सरसकट खरं नाही. ब्रोशरमध्ये शहरानेच तो वापरला असेल तर तुम्ही लपवताय असं दिसतं. नाव गूगलवर टाकलं की डिक्रीचं काम पहिल्या पानावर येणारच आहे. ब्रायन ओ’हारा २०२२ च्या नोव्हेंबरात मिनियापोलिसचे चीफ झाले, त्याआधी नेवार्कमध्ये त्यांनी डिक्रीची अंमलबजावणी सांभाळली होती आणि तीच त्यांची जमेची बाजू होती. शहर कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं.

मात्र डिक्रीची भाषा जशीच्या तशी नेऊ नका. ‘अमुक परिच्छेदाचं पूर्ण अनुपालन’ ऐकून ७५,००० वस्तीच्या शहराच्या मॅनेजरला मॉनिटरचं (डिक्रीवर देखरेख करणाऱ्याचं) बिल आठवतं. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात न्याय खात्याने लुईव्हिल आणि मिनियापोलिसच्या प्रस्तावित डिक्री मागे घेण्याची पावलं उचलल्यावर “वॉशिंग्टनचा दट्ट्या आहे म्हणून करा” हा युक्तिवाद फिका पडलाय. कॅलिफोर्नियातली बरीच मध्यम शहरं दायित्वाचा विमा संयुक्त पूलमधून (अनेक शहरांच्या सामायिक निधीतून) घेतात. दाव्यांचा इतिहास बिघडला की वर्गणी वाढते. तुमच्या धोरणामुळे दावे किती घटले हे दाखवता आलं तर तेच दाखवा.

दोन_नद्या
फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. एका जुन्या फेडरल दाव्यात पर्यवेक्षक म्हणून माझं नाव प्रतिवादींत आहे, शहराने तडजोड केली होती. आणि चीफना सांगण्याचं काय?

फाइल_नंबर
दावा: स्वतःहून सांगा, तोही लवकर, सर्च फर्मशी पहिल्याच फोनवर. एका पानाचा तक्ता करा: प्रकरण क्रमांक, न्यायालय, तुमची भूमिका, निकाल, त्यानंतर खात्यात काय बदललं. फेडरल दावे कोणालाही ऑनलाइन सापडतात. तडजोड ही अडचण नसते, “विसरलो होतो” ही असते. त्याच पानावर साक्षीदार म्हणून विश्वासार्हतेबद्दल सरकारी वकिलांच्या कार्यालयाने कधी काही कळवलं आहे का, तेही लिहा. ब्रेडी-गिग्लिओ यादीत (ज्यांच्या साक्षीच्या विश्वासार्हतेवर शंका आहे अशा अधिकाऱ्यांच्या यादीत) नाव असलेला माणूस चीफ म्हणून चालत नाही, आणि नसेल तर तसं एका ओळीत लिहिलेलं बरं.

चीफना सांगणं: कॅलिफोर्नियात सर्च फर्म सहसा नावं शेवटच्या फेरीपर्यंत गुप्त ठेवतात, पण काही शहरं अंतिम उमेदवारांची जाहीर सभा घेतात. (फ्लोरिडात तर अर्जच सार्वजनिक नोंद असतो.) पहिल्या मुलाखतीचं बोलावणं आलं की सांगा. पार्श्वभूमी तपासणारा माणूस तुमची सेवा-फाइल मागायला खात्यात येतो, तोवर चीफना माहीत नसेल तर एक चांगला संदर्भ तुम्ही स्वतः घालवलात.

बाहेरच्या राज्याचं: तुमची अकादमी कॅलिफोर्नियाच्या पोस्ट आयोगाच्या (पोलीस प्रशिक्षणाची मानकं ठरवणाऱ्या) मूळ अभ्यासक्रमाच्या तोडीची आहे का याची छाननी होते, मग वेव्हर (मूळ अभ्यासक्रमातून सूट) आणि पुनर्पात्रता अभ्यासक्रम. चीफला नेमणुकीनंतर दोन वर्षांत बेसिक सर्टिफिकेट मिळवावं लागतं. वेव्हरची कागदपत्रं आत्ताच गोळा करायला लागा, जुन्या अकादमीकडून तासांचा तपशील यायला वेळ लागतो. मानसशास्त्रीय आणि वैद्यकीय तपासणीही नव्याने होते, तुमचा हुद्दा काहीही असो.

आणि निवृत्तिवेतन! हे कोणी लिहिलं नाही. दुसऱ्या राज्याच्या फंडातून येणारा माणूस कॅलपर्समध्ये (कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन फंडात) २०१३ नंतरच्या नियमांखाली नवा सभासद ठरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क पाच वर्षांच्या सेवेनंतर. चीफची खुर्ची त्याआधी हलणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा. नोकरी ‘अ‍ॅट-विल’ असेल, म्हणजे कधीही काढता येईल अशी. कायद्याने चीफला लेखी कारण आणि अपिलाची संधी मिळते, पण त्याने खुर्ची वाचते असं समजू नका. कारणाशिवाय काढल्यास सहा ते बारा महिन्यांचा पगार मागा (राज्याची कमाल मर्यादा १८ महिने). कौन्सिलच्या निवडणुकीनंतर किंवा मॅनेजर बदलल्यावर ठरावीक दिवस काढता येणार नाही, असं कलम काहींना मिळतं. न मागता मात्र मिळत नाही. डेप्युटी चीफ निवडण्याचा अधिकार तुमचा की सिव्हिल सर्व्हिसच्या यादीचा, हेही तिथेच लिहून घ्या.

पुणेकर_सॅनहोजे
जरा बाजूचा प्रश्न. आपल्याकडे असा अर्ज करून कोणी पोलीसप्रमुख होऊ शकतं का?

मीट_अँड_कन्फर
नाही. राज्याचा पोलीस महासंचालक आयपीएसमधूनच. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानुसार यूपीएससीने केलेल्या तिघांच्या यादीतून राज्य निवडतं आणि किमान दोन वर्षांचा कार्यकाळ अपेक्षित आहे. त्या निकालाला राज्यं किती पळवाटा काढतात हा वेगळा धागा होईल. अमेरिकन चीफला तेवढ्या दोन वर्षांचीही हमी नाही. आणि शेरीफ म्हणत असाल तर तो निवडून येतो, त्याची गोष्टच निराळी.

दोन_नद्या
शेवटचं. बरोबरीच्या संदर्भांत आमच्या युनियनचे अध्यक्ष चालतील का? नव्या धोरणाविरुद्ध त्यांनी ग्रीव्हन्स (युनियनची औपचारिक तक्रार) दाखल केली होती, ती नंतर वाटाघाटीत मिटली.

ब्रोशर_आधी
चालतील, आणि बाकीच्या पाचांपेक्षा त्यांनाच जास्त वेळ विचारतील. आधी त्यांना फोन करून परवानगी घ्या आणि ग्रीव्हन्सबद्दल ते काय सांगणार ते सरळ विचारा. उत्तर देताना अडखळले तर त्यांच्या जागी दुसरं नाव घाला. नावापुढे कंसात “ग्रीव्हन्स क्रमांक अमुक, तडजोड तमुक तारखेला” एवढं लिहून टाका, म्हणजे सर्च फर्मला ते शोधून काढल्यासारखं वाटणार नाही. आणि ‘शब्द टाळा’बद्दल रानजाई यांचं म्हणणं मान्य, ब्रोशरमध्ये असेल तर वापरा. पण एकदाच.