मदत हवी आहे: तोंडावाटे द्यायच्या जुलाबाविरुद्धच्या लशीची चाचणी, निरोगी स्वयंसेवक, केंद्र चोपडा-यावल भागात

तापीकाठ:
ईटेक, म्हणजे विष सोडणाऱ्या ई. कोलायविरुद्धची मृत जिवाणूंची तोंडी लस आहे, सोबत डीएमएलटी, म्हणजे लशीचा परिणाम वाढवायला घातलेलं, निरुपद्रवी केलेलं ई. कोलायचं विष. वय १८ ते ४५, दोन डोस, मध्ये १४ दिवस. एका गटाला लस, दुसऱ्याला नुसतं बफर, म्हणजे पोटातलं आम्ल शमवणारं द्रावण. रक्ताची प्रयोगशाळा जळगावात. तीन गोष्टी अडल्यात. डोस नेमका कसा पाजायचा? मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना एएलएसचं (रक्तातल्या पेशींनी बाहेर सोडलेली प्रतिपिंडं मोजण्याच्या चाचणीचं) रक्त जळगावपर्यंत कसं न्यायचं? आणि पाऊस पडला की इकडे गावोगाव हगवण लागते. मग जुलाब लशीचे की पाण्याचे, हे कसं ठरवायचं?

गिरणाथडी:
डोसचं सांगतो. बफर आधी, लस नंतर. सोडिअम बायकार्बोनेटचं बफर साधारण १५० मिली गार, पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळू द्या. कुपीत जिवाणू तळाशी बसतात, म्हणून ती नीट हलवून मगच ओता. ग्लास तुमच्यासमोर रिकामा झाला पाहिजे, वेळ लिहा. आधी एक तास आणि नंतर एक तास खाणं-पिणं बंद, चहासुद्धा. पोटात काही गेलं की आम्ल सुटतं, बफर त्यातच खर्च होतं आणि लशीतली प्रथिनं आतड्यापर्यंत धड पोचत नाहीत. उलटी झाली तर मनाने दुसरा डोस देऊ नका. किती मिनिटांनी झाली ते लिहा, पुढचं प्रोटोकॉल ठरवेल.

कुपी २ ते ८ अंशांत ठेवा, गोठली तर बाद. वाहक पेटीत बर्फाच्या लाद्या फ्रीजरमधून काढून लगेच भरू नका. हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की मग भरा.

निवडीच्या वेळी ॲसिडिटीच्या गोळ्यांचं खोदून विचारा. पँटोप्राझोल इतकं सर्रास घेतलं जातं की 'औषध चालू आहे का' याला माणूस सरळ नाही म्हणतो. गोळीचं पाकीट दाखवून विचारा. हल्ली घेतलेली अँटिबायोटिक्स, आधी घेतलेली कॉलऱ्याची लस, तेही तसंच.

सातपुडा_लॅब:
रक्त बर्फावर अजिबात नको. थंडीने आणि उशिराने ग्रॅन्युलोसाइट पेशी हलक्या होऊन फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण) लिंफोसाइटच्या थरात मिसळतात, मग मोजणी फसते. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळ्या २० ते २५ अंशांत हव्यात. थर्माकोलच्या पेटीत एसीच्या खोलीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरा, आत थर्मामीटर ठेवा, गाडीच्या डिकीत पेटी नको. सकाळी सातला रक्त काढून निघा, त्याच दिवशी पेशी वेगळ्या करा.

दिवसही चुकवू नका. आतड्यात तयार झालेल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी रक्तात मोजकेच दिवस फिरतात: पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसाच्या आसपास, दुसऱ्यानंतर चौथ्या-पाचव्या. पेशींना कोणतंही प्रतिजन न देता ४८ ते ७२ तास ३७ अंशांत ठेवायचं आणि वरचं द्रव उणे ७० अंशांवर साठवायचं. सोमवारी डोस दिलात तर सातवा दिवस पुन्हा सोमवार. पण दुसऱ्या डोसला तोच सोमवार धरला तर पाचवा दिवस शनिवारी येतो, तेव्हा प्रयोगशाळेला आधीच कळवा.

तापीकाठ:
तिसऱ्या प्रश्नाचं काय?

गिरणाथडी:
एकेका माणसाचे जुलाब कशाचे, याचा निकाल केंद्रावर लावूच नका. दोन्ही गटांत जुलाब सारख्याच काटेकोरपणे नोंदवले तर फरक आकड्यांतच दिसतो. त्यासाठी दोन्ही गटांची भरती एकाच आठवड्यांत, छोट्या ब्लॉकमध्ये, म्हणजे थोड्या-थोड्या माणसांच्या तुकडीत दोन्ही गट सारखे वाटून, व्हायला हवी. एक गट मेमध्ये आणि एक जुलैत झाला तर तुलनाच संपली. डोसपूर्वीच्या आठवड्यातले शौच नोंदवा, नंतर सात दिवस रोजची डायरी: २४ तासांत पातळ शौच किती, ताप, मळमळ, पोटात मुरडा. तीन किंवा जास्त पातळ शौच म्हणजे जुलाब. शौचाचा नमुना अँटिबायोटिकआधी घ्या, कॅरी-ब्लेअरमध्ये (जिवाणू जिवंत ठेवून नमुना न्यायचं माध्यम). नुसत्या पीसीआरवर (जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) विसंबू नका. लशीतल्या मेलेल्या जिवाणूंचा डीएनए सुरुवातीचे काही दिवस शौचात येऊ शकतो. कल्चर कराच, त्यात फक्त जिवंत जिवाणू वाढतात. ओआरएसची पाकिटं आधीच हातात द्या. स्टँडवरच्या मेडिकलमधून जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊन मोकळं होऊ नका, आधी फोन करा, हे दोनदा सांगा.

तापीकाठ:
काही स्वयंसेवक पावरा आदिवासी आहेत, वाचता येत नाही. केळीच्या कापणीवर जातात.

खानदेशी_नर्स:
मग संमतीच्या पूर्ण वेळ निःपक्ष साक्षीदार लागेल, पावरी समजणारा आणि तुमच्या टीमबाहेरचा. मुकादम साक्षीदार नको, त्याच्यासमोर कोण नाही म्हणणार? मजुरी बुडते तेवढी भरपाई द्या, रक्कम एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. पैशासाठी कोणी अँटिबायोटिक घेतल्याचं लपवेल इतकी नको. सीटीआरआयची (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिल्या माणसाआधी व्हायला हवी. आणि रुग्णालयात दाखल होण्याइतकं कोणी आजारी पडलं तर औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत प्रायोजक, एथिक्स कमिटी आणि परवाना प्राधिकरण तिघांनाही कळवायचं, लशीशी संबंध नाही असं वाटलं तरी. रात्री उचलला जाईल असा एकच नंबर डायरीच्या वरच्या पानावर मोठ्या आकड्यांत छापा.