कॅमेलियाचं जुनं हस्तरंगित चित्र: अस्सल की नक्कल? आणि तपकिरी ठिपक्यांचं काय?

रानजाई
जुन्या पुस्तकांच्या दुकानातून फ्रेमसकट घेतलेलं चित्र आहे. लाल कॅमेलियाची फांदी, कागद साधारण २३ बाय १४ सेंमी. वरच्या कोपऱ्यात ४२, खाली बारीक अक्षरांत डब्ल्यू. कर्टिस, लंडनचा पत्ता आणि १७८८. कागदावर तपकिरी ठिपके, माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीलगत पिवळट-करडी रेघ. घर समुद्राजवळ. अस्सल कसं ओळखायचं, ठिपके जातात का आणि परत फ्रेम करताना काय सांभाळायचं?

ताम्रपट
वर्णनावरून विल्यम कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 'बोटॅनिकल मॅगझिन'मधलं पान वाटतंय. हे मासिक १७८७ मध्ये लंडनला सुरू झालं. अंकाला तीन चित्रं, किंमत एक शिलिंग. खप तीन हजारांच्या घरात गेला, आणि प्रत्येक चित्र हाताने रंगवलेलं. त्यासाठी तीसेक रंगारी होते. म्हणजे महिन्याला नऊ हजार चित्रं, माणशी तीनशे! त्यामुळे रंग रेषेबाहेर सांडलेला दिसला तर नाक मुरडू नका, तीच पहिली खूण.

सोनाराकडचं दहापट भिंग पानाच्या कडेवर धरा. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके गोलागोलात मांडलेले दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची नक्कल, पुढे काही बघायला नको. ताम्रपटाची, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून छापलेली रेष अखंड असते, टोकाला निमुळती होते आणि तिरक्या उजेडात शाई कागदावर किंचित उभी दिसते. तिच्यावर जलरंगाचा हात, आणि हात जिथे थांबला तिथे वाळताना साचलेली गडद किनार. हे दोन्ही एकत्र दिसायला हवं.

मग पाठ बघा. चित्रातल्या हिरव्या पानांच्या बरोबर मागे तपकिरी सावली उमटली असेल तर तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागदात उतरलाय. नसेल तरी घाबरू नका, पुष्कळदा हिरवा हा प्रशियन निळा आणि पिवळा मिसळून केलेला असतो, तो कागद जाळत नाही. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा झगझगला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा.

प्लेटच्या कडेचा दबलेला ठसा दिसत नाही म्हणून नक्कल ठरवू नका. बांधणीत पानं छाटताना तो बहुतेक वेळा कापला जायचा.

रानजाई
फ्रेम उघडली. भिंगातून छपाईचे रंगीत ठिपके दिसत नाहीत, रेषा अखंड आहेत. पण कागद उजेडाला धरला तर जलचिन्हात १७९६ दिसतंय. चित्रावर १७८८! मग?

ताम्रपट
उलट चांगलं झालं. चित्रावरचं साल पहिल्या प्रकाशनाचं. मागणी टिकून होती, म्हणून सुरुवातीचे खंड त्याच प्लेटांवरून पुन्हा छापले गेले आणि तळाची ओळ तशीच राहिली. ब्रिटनमध्ये कागदावरच्या कराबाबतच्या १७९४ च्या कायद्यानंतर कारखानदार जलचिन्हात साल घालू लागले. तेव्हा तुमचं पान १७९६ किंवा त्यानंतर लवकरच छापलेलं. अस्सलच, फक्त पहिल्या छपाईचं नाही. विकणारा '१७८८ चं' म्हणून किंमत सांगत असेल तर घासाघीस करायला जागा आहे.

जुनंतेसोनं
ठिपक्यांसाठी कपड्यांचं ब्लीच अगदी पातळ करून कुंचल्याने लावा, मग चुन्याच्या निवळीत बुडवून आम्ल मारा. कागद पांढराशुभ्र होतो.

खळ_आणि_कागद
@जुनंतेसोनं, कोऱ्या कागदावर होईलही. इथे चित्र जाईल. क्लोरीन कागदाच्या तंतूंत राहतं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला ठिसूळ करत बसतं. चुन्याची निवळी अल्कधर्मी. प्रशियन निळा तिच्यात मोडतो आणि तपकिरी पडतो, म्हणजे पानं गेली. लाल जर किरमिजाचा (किड्यापासून काढलेला) असेल तर तो जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे फूल गेलं. गडद पानांवरची चमक डिंकाची आहे, ती तर साध्या पाण्यातही सुटते.

रानजाई, ठिपके बुरशी आणि कागदातल्या लोहाच्या कणांमुळे येतात. ते तसेच राहू द्या, वाढू देऊ नका. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी जागी होते. वरची धूळ मऊ कुंचल्याने मधून कडेकडे झटका, रंगावर खोडरबर अजिबात नको. हात धुवा, जुन्या हिरव्या रंगांत आर्सेनिकही असू शकतं.

ती पिवळट रेघ माउंटची. लगद्याच्या पुठ्ठ्याची तिरकी कापलेली कड आम्ल सोडते. तो पुठ्ठा, मागचं हार्डबोर्ड आणि ब्राउन टेप तिन्ही काढून टाका. टेप चिकटलेली असेल तर ओढू नका, ते काम कागद-संवर्धकाचं.

नवं माउंट शंभर टक्के सुती रॅग बोर्डाचं, खिडकी आणि पाठ दोन्ही. खिडकीचा बोर्ड सुमारे दीड मिमीचा असतो, समुद्राजवळ तो दुहेरी लावा. नाहीतर काच कागदाला टेकली की पावसाळ्यात डिंकाची चमक काचेला चिकटते.

चित्र फक्त वरच्या कडेला, मागून, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगायचं. पट्ट्या २ सेंमी रुंद. कडा कात्रीने न कापता ओल्या कुंचल्याने रेघ मारून फाडायच्या, म्हणजे चित्राच्या बाजूला वळ उठत नाही. चारी बाजू चिकटवल्या तर ओलाव्याने कागद फुगतो आणि सुरकुततो. चिकटवायला खळ, पांढरा गोंद नको, तो पुढे निघत नाही. कुरडयांसाठी काढतात तसा गव्हाचा चीक, पण पाच-सहा पाणी बदलून निवळलेला आणि वाळवलेला, बिनमिठाचा. मैद्यात ग्लुटेन राहतं, ते पिवळं पडतं. १ भाग चीक ५ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत २५ मिनिटं शिजवा, गार झाल्यावर दोनदा गाळा. पुस्तकं बांधणारे बाईंडर खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. इथे नको, तांबं कागद खातं. बिजागरी टिपकागद आणि वजनाखाली तासभर वाळू द्या.

रानजाई
फुलाच्या पाकळीवर एक करडा डाग आहे, ठिपक्यांपेक्षा वेगळा. बुरशी?

ताम्रपट
उजळ ठिकाणीच असेल तर शिशाचा सफेदा (शिशापासूनचा पांढरा रंग) काळवंडलाय. हवेतल्या गंधकाच्या वायूने होतो. तो हायड्रोजन पेरॉक्साइडने परत पांढरा करता येतो, पण रंगावर थेंब टाकून नव्हे. जाणकाराकडेच द्या.

खळ_आणि_कागद
लावताना फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत ८ मिमीचे बूच चिकटवा, भिंतीमागे हवा खेळते. पावसाचा मारा बसणारी भिंत टाळा. यूव्ही-रोधक अॅक्रिलिक लावलं तरी थेट ऊन नको, लाल आधी उडतो. डांबराच्या गोळ्या आत ठेवू नका. आणि देवघराच्या वर तर नकोच, उदबत्तीची काजळी पाठीमागच्या फटीतून आत जाते.