मदत हवी आहे: सासू-सासरे कायमचे राहायला येत आहेत, आम्ही दोघं पस्तिशीतले गेमर. घरात कसं जमवायचं?

पाथर्डी_फाटा (धागाकर्ती)
पुढच्या महिन्यात सासू-सासरे निफाडहून कायमचे आमच्याकडे येत आहेत. २ बीएचके फ्लॅट, हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आणि त्यालाच पीएस५ (प्लेस्टेशन ५, गेम खेळायचं मशीन) जोडलेला. नवरा अंबड एमआयडीसीत जनरल शिफ्टला, मी घरून काम करते. आठवड्यातल्या चार-पाच रात्री जेवणं आटोपल्यावर साडेनऊ ते अकरा खेळतो. तो ऑनलाइन फुटबॉल, मी कथेचे मोठे गेम.

आई-दादांच्या लेखी व्हिडीओ गेम म्हणजे लहान मुलांचं खेळणं. मोठा माणूस खेळत असेल तर तो नक्की पैसे लावतो, असं दादांचं ठाम मत. त्यात सुनेनं खेळायचं म्हणजे बघायलाच नको. लपूनछपून खेळायची आमची अजिबात इच्छा नाही. चार गोष्टी विचारायच्या आहेत:
१) संध्याकाळी सातपासून टीव्हीवर मालिका. आमच्यासाठी काय सोय करावी?
२) रमी आणि आमचे गेम यातला फरक दादांना कसा सांगावा?
३) हाक मारली की लगेच उठता येत नाही, यावरून वाद होतील. काय करावं?
४) हा विषय काढायचा कोणी आणि कधी?

आडगाव_नाका
टीव्हीचं आधी सोडवा, बाकीचं त्यामुळे निम्मं हलकं होतं. नवा टीव्ही घेण्याआधी रिमोट प्ले वापरून बघा. गेम पीएस५वरच चालतो, दिसतो मात्र लॅपटॉपवर किंवा टॅबवर, आणि टीव्ही मोकळा राहतो. सेटिंग्ज > सिस्टिम > रिमोट प्ले इथे चालू करा. मग पॉवर सेव्हिंगमध्ये, रेस्ट मोडमधल्या (म्हणजे मशीन झोपलेलं असतानाच्या) सुविधांखाली, इंटरनेट जोडलेलं ठेवणं आणि नेटवर्कवरून पीएस५ सुरू करणं हे दोन्ही पर्याय चालू करा. इंटरनेटचा वेग किमान ५ एमबीपीएस लागतो, १५ असेल तर चित्र नीट येतं. पीएस५ राउटरला लॅन केबलने जोडा आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. दोन्ही वायफायवर असले की चित्र अडखळतं, आणि दोष रिमोट प्लेला दिला जातो.

आता खरी मेख. पीएस५ सुरू झाला की टीव्ही आपोआप त्याच्या इनपुटवर उडी मारतो. म्हणजे तुम्ही बेडरूममधून गेम सुरू केलात की हॉलमध्ये आईंची मालिका ऐन रंगात गायब. उलटही होतं: दादांनी टीव्ही बंद केला की पीएस५ झोपतो आणि तुमचा गेम तुटतो. सेटिंग्ज > सिस्टिम > एचडीएमआयमध्ये वन टच प्ले आणि पॉवर ऑफ लिंक हे दोन्ही बंद करा. आई-दादा यायच्या आधीच करा. मालिका एकदा जरी अशी गेली तरी ते मशीन घरात सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल.

कथेच्या गेमला रिमोट प्लेचा किंचित उशीर चालतो. ऑनलाइन फुटबॉलला नाही चालत, पास चुकतात. यजमानांना फुटबॉलच खेळायचं असेल तर २४ इंची फुल एचडी मॉनिटर बेडरूममध्ये लावा आणि पीएस५ तिकडे हलवा. मॉनिटरला स्पीकर नसतात बरेचदा, पण हेडफोन कंट्रोलरलाच (हातात धरून खेळायच्या रिमोटलाच) लागतो.

गंगापूर_रोड
हेडफोनबद्दल: पीएस५ साधे ब्लूटूथ हेडफोन घेत नाही. टीव्हीच्या ब्लूटूथला जोडले तर आवाज उशिरा येतो. कंट्रोलरच्या खाली ३.५ मिमीचं भोक आहे, त्यात मोबाइलचा साधा वायरवाला इअरफोन चालतो. पण एकच कान लावा. प्रश्न ३ मधली निम्मी भांडणं दोन्ही कान बंद असल्यामुळे होतात. हाक ऐकूच जात नाही आणि समोरच्याला वाटतं मुद्दाम दुर्लक्ष केलं.

उरलेली निम्मी पॉजची. कथेचा गेम कुठेही थांबतो. पीएस बटण दाबा, रेस्ट मोडला टाका, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. फक्त रेस्टला टाकायच्या आधी सेव्ह करा, कारण मध्ये लाइट गेली तर थांबवलेला गेम जातो. ऑनलाइन सामना हवा तेव्हा थांबवता येत नाही, आणि सोडला तर हार धरतात. पण तो १५ ते २० मिनिटांत संपतो. म्हणून ऑनलाइनचा नियम एकच: जेवणं, औषधं, दुसऱ्या दिवशीचं विचारून झालं की मगच सामना लावायचा. हाक आलीच तर "दहा मिनिटांत येतो" म्हणायचं आणि खरंच दहाव्या मिनिटाला उठायचं. आणि हाक तातडीची वाटली तर सामना हरायचा, विचार करायचा नाही. वडीलधाऱ्यांना खेळण्याचा राग नसतो हो, आपल्यापेक्षा स्क्रीन मोठी झाली याचा असतो.

सातपूर_तिसरी_शिफ्ट
दादांची भीती खोटी नाही, ती तशी मोडीत काढू नका. पैसे लावायच्या ॲपमध्ये घरं बुडालेली सगळ्यांनी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स (व्हिडीओ गेमच्या स्पर्धा) आणि सामाजिक गेम (पैसे न लावता करमणुकीसाठी खेळायचे) वेगळे धरले आहेत. ई-स्पोर्ट्स तर हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ साली, पदकाचा खेळ होता. दादा पेपर वाचणारे असतील तर हे त्यांना पटकन कळेल.

पण कायद्यापेक्षा हिशेब दाखवा. मोठा नवा गेम साडेचार-पाच हजारांना पडतो, डिस्क घेतली तर खेळून झाल्यावर विकता येते. डाउनलोड केलेला विकता येत नाही. खात्यात कार्ड सेव्ह असेल तर काढून टाका, खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायची सेटिंग चालू करा, आणि ठरलेल्या रकमेचं गिफ्ट कार्ड भरा. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंचे पॅक विकत मिळतात, आत काय निघेल ते आधी कळत नाही. ते घेत असाल तर बंद करा. दादांना तो जुगार वाटला तर त्यांना चूक म्हणता येणार नाही.

वीज विचारतीलच. पीएस५ मोठ्या गेमला साधारण २०० वॅट, टीव्ही १०० धरा. तासाला ०.३ युनिट, आठवड्याला आठ तास खेळलात तर महिन्याला दहाएक युनिट. दीड टनाचा एसी तेवढी वीज सात-आठ तासांत खातो.

पाथर्डी_फाटा (धागाकर्ती)
एचडीएमआयचं आजच करते, आमचा टीव्ही खरंच उडी मारतो. पॅकही बंद. प्रश्न ४ राहिला.

कॉलेज_रोड_काकू
बोलायचं मुलानं, सुनेनं नाही. आणि ते आल्यावर नाही, येण्याआधी, फोनवर. आल्यावर दिसलं तर ते "सापडलं" होतं. आधी सांगितलं तर ती घरातली एक सवय असते. एवढं बोलणं पुरे: "दादा, आम्ही दोघं रात्री जेवणं झाल्यावर दीड तास गेम खेळतो. पैसे लावायचा नाही, एकदा विकत घेतला की झालं. तुमच्या मालिकांना अडचण नाही, आम्ही आत खेळतो. हाक मारली की येतो." "आम्ही दोघं" हे शब्द गाळू नका. नाहीतर मुलाचं खेळणं शिणवटा घालवणं ठरतं आणि सुनेचं आळस. मागचं आवरणंही दोघांनी मिळून करा, आणि ते आई-दादांना दिसू द्या.

पाहुणे आले तर टीव्ही घाईने बंद करू नका. पॉज करा, कंट्रोलर खाली ठेवा, उठून पाणी द्या. चोरी पकडल्यासारखं वागलं की समोरचाही तसंच बघतो. कोणी "या वयात?" म्हटलं तर "हो, रात्री थोडा वेळ. काल खेळलो आणि सकाळी सोमेश्वरला चालायला गेलो," इतकंच. वाद नको, समर्थनही नको.

आपल्याकडे हे पोरकट का ठरलं तेही लक्षात घ्या. नव्वदच्या दशकात व्हिडीओ गेम घरात आला तो पिवळ्या-काळ्या कॅसेटचा, मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याने आणायचा, परीक्षा आली की माळ्यावर टाकायचा. आई-दादांनी मोठ्या माणसाचा गेम पाहिलेलाच नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात मारामारीचा गेम हॉलमध्ये लावू नका. आईंना शेजारी बसवून एखादा कथेचा, डोंगर-जंगल दाखवणारा लावा, गोष्ट सांगत खेळा.

आडगाव_नाका
एक न विचारलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, १ जानेवारी २०२२ पासून लागू, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान होऊनही चालूच ठेवणं. तेही साधारण १२ महिने, आणि घर-काम बिघडेल इतकं. नुसते तास मोजून तो ठरत नाही. पीएस५च्या प्रोफाइलमध्ये प्रत्येक गेमचे तास दिसतात, दोघांनी बघून घ्या. झोप, काम, बोलणं नीट चालू असेल तर कोणी व्यसन म्हटलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. यातलं काही खरंच लागू पडत असेल तर लोक काय म्हणतात हा प्रश्न बाजूला ठेवा आणि टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा.

पाथर्डी_फाटा (धागाकर्ती)
यजमान रविवारी फोन करणार आहेत. शेवटचं: आई-दादा आले की भाचरंही सुट्टीत येतील. १८+ गेम त्यांच्या हाती लागू नयेत, माझ्या युजरला पासकोड लावला की पुरे ना?

गंगापूर_रोड
पुरे नाही. तुमचे डाउनलोड केलेले गेम त्याच मशीनवर दुसऱ्या युजरलाही उघडतात. मुलांसाठी चाइल्ड अकाउंट काढा आणि त्याला वयाची मर्यादा लावा. मग पॅरेंटल कंट्रोलमध्ये कन्सोल रिस्ट्रिक्शन्स उघडून नवे युजर बनवणं आणि गेस्ट लॉगिन बंद करा. तिथे जो पासकोड विचारतो तो मुळात ०००० असतो. तो बदला, मुलं पहिला तोच टाकून बघतात. डिस्क कपाटात.