मदत हवी आहे: स्वतः बनवलेलं ॲप स्वतःच्याच फोनवर चढेना

चौथा_मजला:
खर्चाची वही म्हणून एक छोटं ॲप बनवलंय. बँकेची नोटिफिकेशनं वाचून रक्कम आपोआप टिपतं. आधी व्यवस्थित चालत होतं. एक ओळ बदलून नवी फाइल टाकायला गेलो तर 'ॲप इन्स्टॉल झाले नाही', एवढंच. कारण नाही, काही नाही. अननोन सोर्सेस चालू आहे, जागा भरपूर आहे, फोन बंद-चालू करून झाला. उद्यापर्यंत हवंय. प्ले स्टोअरवर टाका हा सल्ला कृपया नको, घरातल्या घरात वापरायचं ॲप आहे. फोन माझा, ॲप माझं, मग हा मध्ये अडवणारा कोण?

पेचकस:
फोन कोणता, ॲन्ड्रॉइड कितवा, एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) कशात बनवली, फोनवर कशी आणली (ब्राउझर, चॅट की केबल) हे लिहा. आणि 'अननोन सोर्सेस चालू' म्हणजे कोणासाठी चालू? २०१७ च्या ॲन्ड्रॉइड ८ पासून तो एकच खटका राहिलेला नाही, ज्या ॲपमधून फाइल उघडाल त्या प्रत्येकाला वेगळी परवानगी लागते. अर्थात तेवढंच असतं तर फोनने सरळ परवानगीच्या पानावर नेलं असतं. भानगड वेगळी दिसतेय.

सरळसोट:
प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲपं तपासणारा गूगलचा पहारेकरी. दुसरं काही नाही. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी, प्ले प्रोटेक्ट, दातेरी चाक, दोन्ही खटके बंद. विषय संपला.

मोकळं_रान:
किती दिवस असे खटके शोधत बसणार? बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) अनलॉक करा, लिनेजओएस ही खुली ॲन्ड्रॉइड प्रणाली टाका, गूगलच्या सेवा टाकूच नका. मग विचारायला कोणी येत नाही.

पेचकस:
@मोकळं_रान, बूटलोडर अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो, म्हणजे वहीतल्या नोंदीही गेल्या. शिवाय प्ले इंटिग्रिटी (फोनमध्ये फेरफार झालाय का, ही गूगलची चाचणी) तपासणारी बँकेची ॲपं अशा फोनवर बऱ्याचदा उघडतच नाहीत. बँकेचं ॲप नाही तर नोटिफिकेशन नाही, आणि नोटिफिकेशन नाही तर धागाकर्त्यांचं ॲप वाचणार काय?

निळी_शाई:
आयफोनवर फुकटच्या ॲपल खात्याने सही (ॲप कोणाचं हे दाखवणारी डिजिटल खूण) केलेलं ॲप ७ दिवसांत बंद पडतं आणि एका वेळी अशी ३ च ॲपं ठेवता येतात. वर्षाला ९९ डॉलर भरले तर सही वर्षभर टिकते. आयओएस १६ पासून आधी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन डेव्हलपर मोड चालू करावा लागतो.

सरळसोट:
आयफोनचं कोणी विचारलंय?

निळी_शाई:
'कोणता फोन' हेच अजून कळलेलं नाही ना.

चौथा_मजला:
ॲन्ड्रॉइड १५. ॲन्ड्रॉइड स्टुडिओत बनवलंय. चॅटमधून स्वतःलाच पाठवलं. प्ले प्रोटेक्ट बंद करून पाहिलं, फरक नाही.

पेचकस:
मग अंदाज पुरेत. फोनचा इन्स्टॉलर खरं कारण दडवतो, एडीबी (संगणकावरून फोनला कमांड देणारं साधन) सांगतो. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू, केबल जोडा, फोनवर संगणकाला परवानगी द्या. मग 'एडीबी इन्स्टॉल हायफन आर' आणि फाइलचं नाव. सॅमसंग असेल तर आधी सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमधला ऑटो ब्लॉकर बंद करा, तो यूएसबीवरून येणाऱ्या कमांडही अडवतो. शाओमी असेल तर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हा वेगळा खटका आहे.

येणारा कोड इथे लिहा. 'टेस्ट ओन्ली' आला तर तुम्ही रन बटणाने तयार झालेली फाइल उचलली आहे. बिल्ड मेनूतून एपीके काढा किंवा कमांडला 'हायफन टी' लावा. 'व्हर्जन डाउनग्रेड' म्हणजे व्हर्जनकोडचा आकडा फोनवरच्यापेक्षा लहान आहे. 'नो सर्टिफिकेट्स' म्हणजे सहीच नाही. 'अपडेट इनकम्पॅटिबल' आला तर हातातलं सोडून आधी इथे या, काहीही अनइन्स्टॉल करू नका.

जुनी_गणितं:
'डेप्रिकेटेड एसडीके' राहिला. ॲन्ड्रॉइड १४ पासून टार्गेट एसडीके (ॲप कोणत्या ॲन्ड्रॉइडसाठी बनवलं तो आकडा) २३ च्या खालची ॲपं बसत नाहीत, १५ मध्ये ती मर्यादा २४ झाली. एडीबीला 'बायपास लो टार्गेट एसडीके ब्लॉक' हा पर्याय देऊन बसवता येतात.

चौथा_मजला:
'अपडेट इनकम्पॅटिबल', पुढे 'सिग्नेचर जुळत नाही' अशा अर्थाचं काहीतरी. पण कोड तोच आहे! एक ओळ बदललीय फक्त.

पेचकस:
संगणक तोच आहे का?

चौथा_मजला:
नाही, लॅपटॉप नवा घेतला. त्याचा इथे काय संबंध?

पेचकस:
सगळा संबंध तिथेच आहे. आपण सही केली नाही तरी ॲन्ड्रॉइड स्टुडिओ करतो. तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट ॲन्ड्रॉइड' नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या 'डीबग डॉट कीस्टोअर' या सहीची किल्ली असलेल्या फाइलने. ही फाइल प्रत्येक संगणकावर नवी तयार होते. फोनच्या लेखी पॅकेजचं नाव तेच, सही परकी, म्हणजे दुसराच कोणीतरी तुमचं ॲप बदलू पाहतोय. हे बंधन गूगलच्या दुकानाचं नाही, ॲन्ड्रॉइडमध्ये पहिल्यापासून आहे आणि ते असायलाच हवं. नाहीतर कोणीही तुमच्या बँकेच्या ॲपवर आपलं ॲप चढवेल.

जुना लॅपटॉप हाताशी असेल तर ती फाइल आणून नव्यावर त्याच जागी ठेवा, बिल्ड क्लीन करून पुन्हा काढा. काम झालं.

सरळसोट:
एवढं कशाला? जुनं काढा, नवं टाका. दोन मिनिटांचं काम.

पेचकस:
आणि नोंदी? ॲप काढलं की त्याचा डेटाबेस जातो. जुनी फाइल मिळणारच नसेल तर काढण्याआधी डेटा बाहेर घ्या. डीबग बिल्ड असल्याने 'रन-ॲज' (ॲपच्या नावाने कमांड चालवणं) चालतं, रूट (फोनवरचा पूर्ण ताबा) लागत नाही. ॲप फोर्स स्टॉप करा, मग 'एडीबी एक्झेक-आउट रन-ॲज', पॅकेजचं नाव, पुढे 'टार' (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधणारी कमांड) लावून अख्खं फोल्डर संगणकावरच्या फाइलमध्ये वळवा. फक्त डेटाबेसची फाइल उचलू नका, शेजारच्या 'वॉल' फाइलमध्ये ताज्या नोंदी असू शकतात. विंडोजवर साध्या कमांड प्रॉम्प्टमधून करा. पॉवरशेलच्या जुन्या आवृत्त्या अशी बायनरी फाइल बिघडवतात आणि ते परत भरतानाच कळतं. म्हणून टार उघडून पाहिल्याशिवाय ॲप काढू नका.

जुनी_गणितं:
+१. आणि सिक्युअर फोल्डरमध्ये किंवा वर्क प्रोफाइलमध्ये (फोनमधले वेगळे कप्पे) त्याच ॲपची दुसरी प्रत असेल तर बाहेरची काढूनही हीच चूक येते.

मोकळं_रान:
आता सहीचे धडे गिरवा. २०२६ पासून ओळखपत्र दाखवल्याशिवाय कोणालाच ॲप टाकता येणार नाही. एफ-ड्रॉइड हे खुल्या ॲपांचं दुकानसुद्धा संपणार.

जुनी_गणितं:
अर्धवट माहिती. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं ते असं: सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये प्रमाणित ॲन्ड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या विकासकांची ॲपं बसणार, बाकी जगात २०२७ पासून पुढे. एडीबीने टाकायची वाट उघडी ठेवली आहे. विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये, जाणकारांना धोका पत्करून पुढे जाता येईल असा मार्ग आणि विद्यार्थी-हौशी लोकांसाठी मर्यादित वाटपाचं खातं देऊ असंही सांगितलं. एफ-ड्रॉइडची अडचण खरी आहे. बहुतेक ॲपं ते स्वतः बांधून स्वतःच्या किल्लीने सही करतात, दुसऱ्याचं ॲप आपल्या नावावर नोंदवायचं कसं?

मोकळं_रान:
म्हणजे मी तेच म्हणालो. आणि ओळखपत्राने 'कोणी बनवलं' ते कळतं, 'आत काय आहे' ते नाही.

सरळसोट:
फोनवर बोलत बोलत समोरच्याकडून एपीके टाकून घेणारे भामटे आहेत, त्यांचं काय करायचं? नाव नोंदवायचं म्हटलं की ते दर आठवड्याला नव्या किल्लीने येऊ शकत नाहीत.

मोकळं_रान:
नावंही भाड्याने मिळतात.

चौथा_मजला:
वाद नंतर घाला हो. जुना लॅपटॉप भावाकडे होता, फाइल आणली, नवी आवृत्ती बसली, नोंदी जशाच्या तशा. पेचकस, मनापासून धन्यवाद. आता बायकोच्या फोनवर टाकतोय तर तिथे प्ले प्रोटेक्ट थेट अडवतो, 'तरीही इन्स्टॉल करा' दिसतच नाही. आणि नोटिफिकेशनची परवानगी करड्या रंगात.

पेचकस:
दुसरा फोन आहे हे आधी सांगायचं! ही दोन वेगळी कुलपं आहेत. ब्राउझर, चॅट किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर प्ले प्रोटेक्ट काही देशांत ते सरसकट अडवतो. सुरुवात २०२४ मध्ये सिंगापूरला झाली. तुमचं ॲप नेमकं तेच मागतं.

पण परवानगी करडी दिसतेय म्हणजे तिथे एक प्रत आधीच बसलेली आहे? ते कुलूप ॲन्ड्रॉइड १३ चं, रिस्ट्रिक्टेड सेटिंग. आधी त्या करड्या खटक्यावर एकदा टिचकी मारा, नकाराचा संदेश येऊ द्या. मगच ॲप इन्फोमध्ये वरच्या तीन टिंबांत 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' दिसतं. टिचकी न मारता शोधत बसाल तर तो पर्याय सापडणारच नाही. नवी आवृत्ती केबलने एडीबीतून टाका. तसं टाकलेल्या ॲपला सहसा दोन्ही कुलपं लागत नाहीत.

चौथा_मजला:
हो, तिथे जुनी प्रत होती. केबलने झालं. परवानगीही मिळाली.

निळी_शाई:
आता एक कायमची रिलीज किल्ली बनवून टाका, म्हणजे पुन्हा लॅपटॉप बदलला तरी चिंता नाही.

जुनी_गणितं:
थांबा! नव्या किल्लीने सही केली की दोन्ही फोनांवर पुन्हा 'अपडेट इनकम्पॅटिबल'. त्यापेक्षा आणलेली डीबग कीस्टोअर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा, ग्रेडलच्या (ॲप बांधणारं साधन) साइनिंगकॉन्फिगमध्ये तिचा पत्ता द्या आणि एक प्रत दुसरीकडे. फक्त प्रकल्प सार्वजनिक गिटवर (सगळ्यांना दिसणारं कोडचं कोठार) ठेवणार असाल तर ती फाइल वगळा. तिचा पासवर्ड सगळ्या जगात 'ॲन्ड्रॉइड' हाच असतो.

चौथा_मजला:
गिटवर होतीच की चढवायची. वगळतो.