अनुभव धागा : डायनॅस्टीज ऑफ इंडिया – नाइट नाहीत, मग खेळायचं कसं?

धागाकर्ता
एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनसाठी 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हे जोडपॅक २८ एप्रिल २०२२ ला आलं. २०१३ च्या 'फरगॉटन' पॅकपासून अख्खा उपखंड 'इंडियन्स' या एकाच सिव्हमध्ये (खेळायला निवडायच्या संस्कृतीत) कोंबलेला होता. त्याचे हिंदुस्तानी झाले, आणि बंगाली, द्रविडियन, गुर्जर या तीन नव्या सिव्ह आल्या. चौघांकडेही नाइट (जड घोडेस्वार) नाही. कॅसल एजला (युगांचा क्रम डार्क, फ्युडल, कॅसल, इम्पीरियल) पोचायचं, दोन तबेले टाकायचे आणि नाइट सोडायचे, ही अर्ध्या लोकांची तोंडपाठ चाल इथे बाद होते. तिच्या जागी काय चालतं आणि काय अंगाशी येतं, ते लिहा. 'भारी आहे' किंवा 'पैसे वाया' एवढंच म्हणायचं असेल तर नका लिहू. बॅलन्स पॅचमध्ये टक्केवारी हलत असते, म्हणून खेळातली टेक ट्री (कोणत्या सिव्हला काय मिळतं त्याचा तक्ता) उघडून मगच आकडे द्या.

मेंढपाळ
गुर्जरांपासून सुरुवात करतो, कारण यांचा पहिल्या दहा मिनिटांचा हिशोबच वेगळा. मेंढ्या गिरणीत डांबल्या की अन्न आपोआप येत राहतं, त्यावर व्हिलेजर (कामकरी) लावावा लागत नाही. इथेच नवखे फसतात. नेहमीच्या नकाशावर आठ मेंढ्या मिळतात, प्रत्येकी १०० अन्न, म्हणजे एकूण ८००. त्या सगळ्या लगेच आत घातल्या तर ते ८०० हातातून जातं. तिकडे टीसीला (टाउन सेंटरला) नव्या व्हिलेजरसाठी दर २५ सेकंदांनी ५० अन्न लागतंच, आणि फ्युडलला जायचे ५०० साठवायचे ते वेगळे. गिरणीची धार बारीक असते, ती एवढी भरपाई करत नाही. टीसी रिकामा बसला की पुढचा सगळा खेळ मागे पडतो.

म्हणून क्रम असा. टीसीशेजारी मिळणारी दोन जादा झुडपं आधी संपवा. झुडपात १२५, म्हणजे २५० अन्न, आणि ते टीसीतच टाकता येत असल्यामुळे गिरणीची घाई नाही. मग दोन रानडुकरं, प्रत्येकी ३४०. तोवर १०० लाकडाची गिरणी नेहमीच्या बोरांजवळ उभी राहते. आता मेंढ्या आत घाला. मात्र अन्न ५० च्या खाली घसरताना दिसलं की बिनदिक्कत एक मेंढी कापा. बोनस आहे म्हणून उपाशी राहण्यात शहाणपण नाही.

गिरणी नकाशाच्या कडेला एकटी सोडू नका. ती पडली की मेंढ्या बाहेर येतात, आणि पहिला जो जवळ उभा असेल त्याच्या होतात.

तबेलेवाला
गुर्जरांचा खास घोडेस्वार श्रीवंश रायडर लोक नाइटसारखा वापरतात आणि मग शिव्या घालतात. तो लांबून आलेला बाण ढालीने चुकवतो, जवळून मारलेला भाला नाही. ढालीचा साठा भरलेला असेपर्यंतच तो टीसीखालच्या शेतांवर धाड घालायला चांगला. साठा संपला की मागे घ्या, भरू द्या, पुन्हा घुसवा. समोर पाइकमन (भालाईत) किंवा उंट दिसले तर भिडूच नका. त्याच्या किमतीत सोनं फार कमी लागतं, मुख्य खर्च अन्नाचा. 'क्षत्रिय' संशोधन घेतलं की लष्करी युनिटचं अन्न २५ टक्के स्वस्त होतं, तिथे या युनिटला खरा अर्थ येतो.

लाकूडफाटा
द्रविडियन. प्रत्येक नव्या युगाला २०० लाकूड फुकट. हे कुठे खर्च करायचं ते युग लागायच्या आधी ठरलेलं हवं. फ्युडलला त्यात एक आर्चरी रेंज (१७५) आणि एक घर (२५) बरोबर बसतं, पैही उरत नाही. कॅसलला २०० म्हणजे एक सीज वर्कशॉप (वेढ्याची साधनं बनवणारी इमारत). नाहीतर त्यात ७५ लाकूड आणि १०० दगड घालून दुसरा टीसी. इम्पीरियलला ते २०० असले काय नि नसले काय.

यांचे स्कर्मिशर (भालाफेके) २५ टक्के जलद फेकतात, त्यामुळे धनुर्धाऱ्यांविरुद्ध फ्युडलची लढत बहुतेक आपलीच. बराकीतली संशोधनं निम्म्या किमतीत, म्हणजे पाइकचं २१५ अन्न आणि ९० सोन्याचं अपग्रेड जवळपास १०८ आणि ४५ ला पडतं. ते कॅसलला पोचताच घ्या, शत्रूचा पहिला नाइट दिसायची वाट बघू नका. या सिव्हचं दुखणं वेग आहे. नाइट नाही, हुसारही (लाइट कॅव्हलरीचं पुढचं अपग्रेड) नाही. शत्रूने दोन बाजूंनी धाड टाकली तर पायदळ एका टोकाकडून दुसरीकडे पोचेपर्यंत लाकूडतोडे मेलेले असतात. लाकडाच्या तळाभोवती भिंत आणि तळाशी चार पाइक कायम ठेवणं, याला पर्याय सापडलेला नाही.

द्रविडियनांच्या वूट्झ स्टील या संशोधनाबद्दल : त्यांच्या पायदळ आणि घोडदळाच्या हल्ल्यापुढे चिलखत शून्य धरलं जातं. सगळी अपग्रेड केलेला चॅम्पियन (तलवारबाज) १३ + ४ = १७ मारतो. एलिट ट्युटॉनिक नाइटचं (नाव नाइट, पण जड पायदळ) चिलखत १०, लोहारशाळेचे ३ धरून १३. साध्या चॅम्पियनचा घाव तिथे ४ चा बसतो, यांचा पूर्ण १७ चा. पण समोर धनुर्धारी असतील तर हेच संशोधन जवळपास वाया, कारण त्यांना मुळात चिलखत फारसं नसतंच. आधी समोरचा काय बनवतोय ते बघा, मग सोनं घाला.

गजगामी
बंगाली हत्तींना बोनस डॅमेज (ठराविक प्रकारच्या युनिटवर होणारी जादा इजा) २५ टक्के कमी लागतं हे वाचून लोक हत्तींचा कळप काढतात, म्हणून हा हिशोब. हॅल्बर्डियरला (हॅल्ब, म्हणजे पाइकमनच्या पुढचा भालाईत) घोडदळावर ३२ आणि हत्तीवर २८ असा बोनस आहे. बॅटल एलिफंट दोन्हींत मोडतो, म्हणून ६०. बंगाल्यांना त्यातले ४५ लागतात. साध्या बॅटल एलिफंटचा जीव (हिट पॉइंट्स) २५०. नुसता बोनस धरला तर इतरांचा हत्ती पाचव्या घावाला पडतो, बंगाल्यांचा सहाव्या. एका घावाचा फरक! त्यावर विसंबून हॅल्बच्या रांगेत शिरू नये.

पळताही येत नाही. हत्तीचा वेग ०.८५, हॅल्बचा १, नाइटचा १.३५. म्हणजे भिडण्याचा निर्णय एकदाच घ्यायचा असतो. पुढे हत्ती आणि मागे रथ (जवळून किंवा लांबून लढणारं बंगाली युनिट, इथे लांबून मारण्याच्या पवित्र्यात) ही जोडी चालते. हॅल्ब हत्तीला चिकटले की रथ त्यांना टिपतात, आणि शत्रूचे स्कर्मिशर पुढे आले की त्यांच्यावर लाइट कॅव्हलरी सोडायची, कारण बंगाली घोडदळाला स्कर्मिशरवर +२ आहे. रथाचा पवित्रा बदलायचं बटण हॉटकीवर घ्या. ऐन लढाईत माउसने ते दाबणं म्हणजे हरायची तयारी.

अरुंद पुलावर हत्ती नेऊ नका. पुढचे लढतात, मागचे रांगेत उभे.

शिबंदी
आर्मर्ड एलिफंट हा रॅमच्या (इमारती फोडणाऱ्या यंत्राच्या) जागी आलेला आहे, पण रॅम नव्हे. रॅमला १६० लाकूड आणि ७५ सोनं लागतं, याला अन्न आणि सोनं. म्हणजे शेतं उभी नसताना सीज वर्कशॉप टाकून उपयोग नाही. आत माणसंही बसत नाहीत. मुख्य म्हणजे रिडेम्प्शन (सीज यंत्रं वळवू देणारं संशोधन) न घेताही मॉंक याला आपल्या बाजूला वळवतो. तीन मॉंक घेऊन बसलेल्या शत्रूकडे चार हत्ती पाठवले तर त्याच हत्तींनी आपलाच कॅसल फुटतो. आधी लाइट कॅव्हलरी पाठवून मॉंक मारा, हत्ती मॉंकच्या पल्ल्याबाहेर, म्हणजे नऊ चौकटींहून लांब थांबवा, मग सोडा.

उंटावरचा शहाणा
हिंदुस्तानी चौघांत सगळ्यात सोपे. घोडदळाविरुद्ध इम्पीरियल कॅमल (उंटस्वार), धनुर्धाऱ्यांविरुद्ध गुलाम (पायदळ), हॅल्बविरुद्ध हॅंड कॅननियर (बंदूकधारी). तिन्हींना सोनं लागतं, म्हणून 'ग्रॅंड ट्रंक रोड' (सोन्याची आवक वाढवणारं संशोधन) लवकर घ्या आणि हॅंड कॅननियरसाठी लागणाऱ्या केमिस्ट्रीचे ३०० अन्न, २०० सोनं बाजूला ठेवा. टीम गेममध्ये व्यापाराच्या वाटेवर कॅरव्हॅनसराय (व्यापारी गाड्यांना मदत करणारी इमारत), बस्स.

देवगिरी
खेळ ठीक, पण इतिहासाच्या अंगाने या पॅकमध्ये एक मोठं भोक आहे. कनौजसाठी तीन सत्ता झगडल्या : पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट. पालांना बंगाली सिव्ह मिळाली, शिवाय देवपालाची मोहीम. प्रतिहारांना गुर्जर. ज्यांच्या कृष्ण पहिल्याने वेरूळचं कैलास कोरवलं आणि ज्यांच्या इंद्र तिसऱ्याने कनौज घेतलं, ते राष्ट्रकूट कुठे? चालुक्य आणि यादव कुठे? १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, तो काळ खेळाच्या चौकटीत पक्का बसतो. दख्खनला 'द्रविडियन' म्हणून खपवणं पटत नाही. राजेंद्र चोळाच्या आरमारी स्वारीसाठी थिरिसदाई जहाज देण्याइतकी काळजी घेणाऱ्यांनी मधला पठारी प्रदेश कोरा ठेवावा, हे खटकतं.

धागाकर्ता
@देवगिरी, मुद्दा मान्य. सिनॅरिओ एडिटरमध्ये तात्पुरती सोय होते. खेळाडूला द्रविडियन द्या, 'एनेबल/डिसेबल ऑब्जेक्ट'ने थिरिसदाई आणि उरुमी (द्रविडियनांचे तलवारबाज) बंद करा, आणि त्यानेच तबेल्यात नाइट चालू करा. मात्र त्यानंतर अपग्रेड एकेक तपासा, कारण मूळ टेक ट्रीत जी संशोधनं नाहीत ती नाइट चालू केल्याने आपोआप येत नाहीत.

देवगिरी
करून बघतो. नाइटचं नाव 'शिलेदार' ठेवतो, 'चेंज ऑब्जेक्ट नेम'ने होतं ते.